कुर्डुवाडी कशावर जगली?

सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीचा विषय निघाला की हमखास दोन गोष्टी ऐकू येतात. एक, बार्शी लाईट, म्हणजे इथून अरुंद रुळांवर धावणारी जुनी छोटी रेल्वे, ही रमतगमत जाणारी खेळण्यातली गाडी. दुसरी, ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळमार्ग, आलं आणि गावाची रया गेली. पहिल्या बोलण्यात त्या रेल्वेवर अन्याय होतो आणि दुसऱ्यात दोष भलत्याच्या माथी जातो. कुर्डुवाडी जगली ती दोन गाड्यांच्या रुळांच्या न जुळणाऱ्या मापांवर. हे नीट कळलं नाही तर गावाचं आजचं दुखणंही कळत नाही.

आधी नकाशा बघा. पुण्याहून सोलापूरला जाणारी लाईन डिकसळजवळ भीमा ओलांडते आणि नंतर मोठी नदी लागते ती मोहोळच्या पुढे, सीना. मधला सगळा पट्टा, म्हणजे जेऊर, केम, कुर्डुवाडी, माढा, हा भीमा आणि सीनेच्या मधल्या उंचवट्यावरचा. अशा धारेवरून लाईन नेली की मोठे पूल टळतात आणि ओढे उगमाजवळच भेटत असल्याने मोऱ्याही लहान लागतात. १८५९-६० मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने ही लाईन टाकली तेव्हा हिशेब चोख होता. फक्त त्या धारेवर मोठी वस्ती नव्हती. बार्शी, कापसाची नावाजलेली पेठ, ईशान्येला सीनेपलीकडे सुमारे ३५ किलोमीटर. पंढरपूर दक्षिणेला भीमेकाठी, सुमारे ५० किलोमीटर. मुख्य लाईनने दोघांनाही वगळलं. स्टेशनचं तेव्हाचं नावच बार्शी रोड, कारण बार्शीचा माल इथे उतरायचा आणि पुढे बैलगाड्यांनी जायचा.

तो ३५ किलोमीटरचा तुटवडा भरून काढला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने. आधी तो जीआयपीच्याच नोकरीत होता. १८९७ मध्ये बार्शीपर्यंतची अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची) लाईन सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. एकूण ३२५ किलोमीटर. लातूर-मिरज मार्गावर कुर्डुवाडी मधोमध, आणि मुंबई-मद्रास मुख्य लाईन तिथेच त्याला छेदून जाते.

आता ‘खेळण्यातली गाडी’ म्हणणाऱ्यांसाठी थोडं तांत्रिक. कॅलथ्रॉपचा नियम एकच होता: इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कुठल्याही आसावर (चाकांच्या जोडीच्या दांड्यावर) पाच टनांपेक्षा जास्त भार नको. एरवी लाईन टाकताना रूळ निवडावा लागतो तो इंजिनाच्या सगळ्यात जड आसाला पेलेल असा. डबे हलके असले तरी त्या जड रुळाचे पैसे मोजावेच लागतात. कॅलथ्रॉपने इंजिनाचंच वजन जास्त आसांवर वाटलं. लीड्सच्या किटसन कारखान्याच्या पहिल्या इंजिनांना जोडलेले चार आस आणि मागे वजन पेलायला आणखी दोन. सहा आस गुणिले पाच टन, म्हणजे तीस टनांपर्यंतचं इंजिन यार्डाला (तीन फुटांना) तीस पौंड भरणाऱ्या रुळावर चाललं. हा रूळ मीटरला जेमतेम पंधरा किलो भरतो. आज मुख्य लाईनवर साठ किलोचा रूळ असतो. स्वस्त, हलकी, तरीही खरा माल वाहणारी रेल्वे कशी उभारायची, याचा हा धडा होता. इथली इंजिनं-डबे भारतात यायच्या आधी लीड्सजवळ मुद्दाम टाकलेल्या रुळांवर चालवून दाखवले होते. खेळण्यासाठी इतका खटाटोप कोणी करत नाही.

अर्थात त्याची किंमत होती. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या भरावावर हलका रूळ, त्यात दर थोड्या अंतरावर फिशप्लेटचा, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचा, सांधा. सांध्याखालची खडी चिखलात रुतली की सांधा खाली बसतो आणि प्रत्येक चाक तिथे आदळून त्याला आणखी खाली घालतं. एका रुळाची पातळी एक सेंटिमीटरने बिघडली तर १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर डबा जेवढा कलतो, त्याच्या दुपटीहून जास्त तो ७६२ मिलिमीटरवर कलतो. गाडी सावकाश जायची ती हौस म्हणून नव्हे. गँगमनने वेळेवर खडी ठोकली नाही तर डबा रुळावरून उतरायची भीती खरीच असायची.

आता मुख्य मुद्दा. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नाही, म्हणून माल कुर्डुवाडीत उतरवून पुन्हा चढवावा लागे. समजा ब्रॉडगेजच्या वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, वीस टन माल आला. शंभर किलोचं पोतं धरलं तर दोनशे पोती. प्रत्येक पोतं हमालाने काढायचं, मोजणीदाराने टिपायचं, पुन्हा छोट्या वाघिणीत थप्पी लावायची. चार आसांच्या छोट्या वाघिणीचं भरून वजन वीस टनांच्या आत ठेवायचं, आणि त्यात तिचं स्वतःचंही वजन आलं. म्हणजे मोठ्या वाघिणीचा माल एका छोट्या वाघिणीत कधीच मावायचा नाही. उरलेली पोती दुसरीत, तिच्यात अजून कोणाचा तरी माल, आणि मग बिल्ट्यांचा, म्हणजे मालाच्या पावत्यांचा, घोळ. अशी कामं जिथे जिथे होतात तिथे नुकसानीची कारणं ठरलेली असतात. हमालाच्या लोखंडी आकड्याने तागाचं पोतं फाटतं आणि धान्य सांडतं. दोन वेळच्या मोजणीत एखादं पोतं कमी भरतं. वळवाचा पाऊस उघड्या थप्पीवर येतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एका बाजूच्या वाघिणी वेळेवर आल्या नाहीत की दुसऱ्या बाजूच्या भरलेल्या नुसत्या उभ्या राहतात आणि यार्ड तुंबतं.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही सगळी कटकट आणि खर्च. गावाच्या दृष्टीने मात्र ती रोजची चूल. हमाल, मोजणीदार, गोदामं, चहाची हॉटेलं, पोती शिवणारे, गाडी बदलण्यासाठी तासन् तास थांबणारे प्रवासी. आषाढी-कार्तिकीला तर मालडबेसुद्धा वारकऱ्यांसाठी जोडावे लागत. आणि दोन मापांच्या गाड्या म्हणजे छोटीचं वर्कशॉपही इथेच हवं, कारण तिचा डबा मुख्य लाईनवरून स्वतःच्या चाकांवर दुसरीकडे नेताच येत नाही.

त्या वर्कशॉपातलं कौशल्य बाहेर फारसं कोणाला माहीत नाही. वळणांवर चाकाची कड रुळाला घासून झिजते. ती पातळ आणि धारदार झाली की रुळावर चढू शकते, मग डबा खाली. म्हणून डबा उचलून बोगी, म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, मोकळी करायची, चाकजोडी लेथवर चढवायची आणि कड मूळ आकारात येईपर्यंत कातायची. एक चाक कातलं की त्याच आसावरचं दुसरंही तेवढंच कातावं लागतं, नाहीतर व्यासातल्या फरकाने जोडी कायम एका बाजूला ओढते. चाकं लहान, म्हणून तेवढ्याच अंतरात फेरे जास्त, म्हणून आस तापण्याचा धोकाही जास्त. हे वर्कशॉप आजही मध्य रेल्वेकडे आहे आणि नेरळ-माथेरानच्या गाडीचे डबे दुरुस्तीला तिथे जातात.

मग गावाची रया कशाने गेली? १९५४ मध्ये सरकारने बार्शी लाईट रेल्वे ताब्यात घेतली. त्यानंतर गेज बदलेपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं गेली. या काळात माल हळूहळू ट्रकवर गेला, कारण ट्रक बार्शीच्या गोदामातून थेट मुंबईच्या गोदामात पोचतो, मधे पोतं उतरावं लागत नाही. आणि पुणे-सोलापूर महामार्ग गेला टेंभुर्णी-मोडनिंबवरून, कुर्डुवाडीला सुमारे वीस किलोमीटर लांब ठेवून. रेल्वेने १८५९ मध्ये बार्शी-पंढरपूरला जसं वगळलं, तसंच रस्त्याने कुर्डुवाडीला वगळलं. खरा घाव हा आहे. २००२ च्या सुमारास पंढरपूर आणि २००८ मध्ये धाराशिवमार्गे लातूर ब्रॉडगेजने जोडलं गेलं, तोपर्यंत मालधक्क्यावरची हमाली उरलीच किती होती?

रुळांचं रुंदीकरण योग्यच होतं, हे माझं ठाम मत आहे. एप्रिल २०१६ आठवा. लातूर तहानलेलं असताना मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असा जवळजवळ सगळा जुन्या बार्शी लाईटचाच मार्ग. पहिल्या गाडीला दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, आणि पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या. त्या टाक्या ब्रॉडगेजच्या होत्या म्हणून दुसरीकडून आणता आल्या. पाच टन आसभाराच्या लाईनवर पन्नास टन पाण्याची एक टाकीसुद्धा चढली नसती. ज्यांना छोटी गाडी परत हवी आहे त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

माझी तक्रार वेगळी आहे. मापांतला फरक संपणार आणि त्यावर उभा असलेला रोजगार संपणार, हे आधीपासून दिसत होतं. तरी त्या जागी दुसरं काय आणायचं, यावर गंभीर चर्चा झाली नाही. चाकं कातणारे, बोगी बांधणारे हात गावात आहेत. अरुंद गेजच्या थोड्याफार गाड्या देशात अजून धावतात. त्यांच्या दुरुस्तीचं आणि सुट्या भागांचं काम मुद्दाम इथे वळवण्याची मागणी लोकप्रतिनिधींकडे करायला हवी. नुसती एक्स्प्रेसला थांबा देण्याची मागणी पुरेशी नाही.

आणि एक काम आपल्याला आजच करता येईल. या पट्ट्यात जुने रूळ कुंपणाला, गोठ्याच्या आढ्याला, फाटकाच्या खांबाला वापरलेले सापडतात. तीस पौंडी रूळ साधारण तीन इंच उंच असतो. त्याच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव, साल आणि वजन उठावात असतं. तारेच्या ब्रशने गंज काढा, अक्षरांवर खडू घासा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या. सोबत गावाचं नाव आणि रुळाची उंची लिहा. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका, खासगी जागेत मालकाला विचारा. घरात वर्कशॉपमधून निवृत्त झालेलं कोणी असेल तर त्यांना चाक तपासायचे गेज (मोजायची साधनं), कातण्याची मर्यादा, बेअरिंग बसवण्याची पद्धत विचारून फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. फोटो आणि रेकॉर्डिंग या पोस्टखाली टाका, गाववार यादी करायला घेऊ. भंगारवाला रूळ किलोवर घेतो, त्यावरचं साल वाचत नाही, त्यामुळे आधी फोटो, मग विक्री.