सरकत्या पट्ट्यावरचे विमान

धावपट्टीच्या जागी विमानाच्याच वेगाने उलट सरकणारा पट्टा असेल, तर विमान उडेल का, हा वाद गेल्या रविवारी अर्धाच राहिला होता, त्यामुळे पार्ले पूर्वेच्या आमच्या कट्ट्यावर चहा येण्याआधीच अण्णांनी आपला निकाल पुन्हा जाहीर केला : विमान जितक्या वेगाने पुढे, तितक्याच वेगाने पट्टा मागे, म्हणजे बेरीज शून्य आणि उड्डाणही शून्य. प्रत्येक वाक्यागणिक त्यांचा आवाज चढत होता. युक्तिवाद मात्र तोच होता.

विनयाने एवढेच विचारले, "अण्णा, विमानाला पुढे ढकलते कोण?"

"चाके! दुसरे कोण?"

"चाके मोटारीला ढकलतात. विमानाची चाके इंजिनाला जोडलेलीच नसतात, ती मोकळी फिरतात. इंजिन हवा मागे फेकते म्हणून विमान पुढे जाते. त्या हवेला तुमच्या पट्ट्याशी काय देणेघेणे?"

माझ्या मते वाद इथेच मिटायला हवा होता. विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर सामानाची ट्रॉली ठेवली आणि बाजूच्या स्थिर जमिनीवर उभे राहून ती दोरीने ओढली, तर पट्टा उलटा कितीही पळो, ट्रॉली आपल्याकडे येतेच. तिची चाके तेवढी अधिक गरगरतात.

नितीनने कोड्याच्या शब्दांवर बोट ठेवले. "पण पट्टा चाकाच्याच वेगाने फिरतो, असे म्हटले असेल तर?"

"चाकाच्या कडेचा वेग म्हणजे विमानाचा वेग अधिक पट्ट्याचा वेग," विनया म्हणाली. "चाकाचा आणि पट्ट्याचा वेग समान धरलास की विमानाचा वेग शून्य, हे तू प्रश्नातच लिहून टाकलेस. मग उत्तर कशाला विचारतोस?"

2008 मध्ये 'मिथबस्टर्स' या कार्यक्रमात लांबलचक कापड ट्रकने उलट दिशेने ओढून त्यावरून एक हलके विमान उडवले होते, आणि ते उडणार नाही असे खुद्द वैमानिकालाच वाटत होते, हे मी सांगितले. "ते खेळणे होते," अण्णा म्हणाले. तेव्हा कलिन्याच्या हँगरमध्ये आयुष्य घालवलेल्या सावंतकाकांनी तोंड उघडले. "एअरबस ए-320 घ्या. इंजिनांचा रेटा वजनाच्या साधारण तीस टक्के, चाकांचे घर्षण दोन टक्क्यांच्या आसपास, आणि चाके दुप्पट वेगाने फिरली तरी त्यात फारशी वाढ नाही. पट्टा अडवणार कशाच्या जोरावर?"

"अण्णा, हेलिकॉप्टर आकाशात स्थिर ठेवले की खालून पृथ्वी फिरून अमेरिका येईल, हेही तुमचेच ना?" नितीनने जुने उकरून काढले.

"वाटेत आधी दुबई लागेल," विनया म्हणाली.

सावंतकाकांनी मात्र एक अडचण प्रामाणिकपणे मांडली : ए-320 ताशी सुमारे 270 किलोमीटरला जमीन सोडते, म्हणजे उलट्या पट्ट्यावर चाकांचा वेग 540 होईल, आणि मोठ्या विमानांचे टायर साधारणपणे 360 पर्यंतच प्रमाणित असतात.

"म्हणजे टायर फुटणार! बघा, नाही उडले!" अण्णा उभेच राहिले.

"अण्णा, टायरच्या जिवावर जिंकू नका," विनया म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्याने अण्णाच हसले.