पंधरा ते पन्नासच्या मधल्या गाड्या

आमच्या बडोद्याच्या घरात सध्या एक वाद रंगलाय आणि तो मला इथे जर्मनीत, रुसेल्सहाइममध्ये बसून फोनवर ऐकावा लागतो. काकांकडे १९९६ ची ओपेल अ‍ॅस्ट्रा आहे. आरटीओतलं नूतनीकरण यंदा पुन्हा आलंय. काकू म्हणतात, स्क्रॅपला द्या, निदान नव्या गाडीच्या टॅक्समध्ये सूट तरी मिळेल. काका म्हणतात, थांबा, हिला पुढे क्लासिक म्हणून किंमत येणार आहे. आणि चुलतभाऊ दोघांनाही हसतो. त्याच्या मते उद्याची क्लासिक आजच ओळखू येते: अलकापुरीत जिच्यापुढे उभी राहून पोरं सेल्फी काढतात ती बीएमडब्ल्यू एम-३४०-आय. अ‍ॅस्ट्राला कोण विचारतंय?

मी मध्ये तोंड घातलं की टोमणा ठरलेला. “दादा, तुला काय जातंय तिथे बसून बोलायला! थंड हवा, बंद गॅरेज, पगार युरोत.”

टोमणा रास्त आहे. पण तिघंही एक गोष्ट धरून चालतात, की क्लासिक होणं हा गाडीचा अंगचा गुण आहे. मला तसं वाटत नाही. गाडी क्लासिक होते की भंगार, हे तिच्या मधल्या वयात ठरतं, आणि त्या मधल्या वयाला आपल्या कायद्यात जागाच नाही.

चुलतभावाचा हुकमी पुरावा म्हणजे लक्ष्मी विलास पॅलेस. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या हिरवळीवर ‘२१ गन सॅल्यूट’चं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं, आणि राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस, बेंटली बघायला तो सगळ्यांना घेऊन गेला. बघा, महाग होत्या म्हणून टिकल्या, असं त्याचं म्हणणं. अर्धं खरं आहे. त्या टिकल्या, कारण त्यांना मोटारखाना होता, पगारी ड्रायव्हर होता, आणि पंधराव्या वर्षी कागद दाखवा म्हणणारं कुणी नव्हतं. संस्थानं गेल्यावर यातल्याच कितीतरी गाड्या मिळेल त्या भावाला विकल्या गेल्या. तेव्हा त्यांना कुणी क्लासिक म्हणत नव्हतं. पेट्रोल पिणारी जुनी धूडं म्हणत होते. ज्या त्या नावडत्या वर्षांतून पार पडल्या, त्यांच्यापुढे आज आपण रांगा लावतो.

आता काकांच्या गाडीची नावडती वर्षं मोजा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस आणि नूतनीकरण. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. दुसऱ्या टोकाला जुलै २०२१ चा विंटेज गाड्यांचा नियम आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी २०,००० रुपये भरून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घेऊ शकते आणि दहा वर्षं निश्चिंत होते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरती ती रस्त्यावर येऊ शकते, रोजच्या वापराला नाही. नियम चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त अ‍ॅस्ट्राला तो लागू होणार २०४६ मध्ये. तोवर २०११ पासून धरून सात नूतनीकरणं. काका आज सत्तरीत आहेत.

बरं, हे गुजरातेत. दिल्लीत दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल म्हणजे गाडीचं आयुष्य संपलं. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं फर्मान निघालं, ते काही दिवसांतच बारगळलं, आणि ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने तूर्त कारवाई थांबवली; डिसेंबरात मात्र ती सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्या, म्हणजे धुराच्या नव्या मानकांच्या गाड्यांपुरतीच ठेवली. पण दहाव्या वर्षी ज्याच्या पोटात गोळा येतो, तो मालक विसाव्या वर्षापर्यंत गाडीला पॉलिश करत बसेल का?

इथे जर्मनीत पन्नासच्या जागी आकडा तीस आहे. पहिल्या नोंदणीला तीस वर्षं झाली की तपासणी करून नंबरप्लेटच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर मिळवता येतं. १९९७ पासूनची ही सोय. मोटारीचं इंजिन केवढंही असो, वर्षाचा कर सरसकट १९१ युरो ७३ सेंट. शहरांतल्या ज्या भागांत जुन्या इंजिनांना बंदी, तिथेही तिला मोकळीक. म्हणजे काकांच्या अ‍ॅस्ट्राची इथली सख्खी बहीण यंदा सन्मानाने ‘एच’ लावून फिरू शकते. बडोद्याच्या अ‍ॅस्ट्राला अजून वीस वर्षं आहेत.

ही तपासणी बघण्यासारखी असते. ओळखीतल्या एकाची अ‍ॅस्ट्रा घेऊन गेलो होतो. तपासनीस आधी जमिनीवर उताणा झोपला आणि दाराखालच्या पट्टीवर नखाने टकटक करत गंज शोधत गेला. मग बॉनेट उघडून रबरी होज दाबून पाहिले, इंजिनावरचा नंबर कागदाशी ताडला. सगळं ठीक. शेवटी आत डोकावला आणि थबकला: निळे दिवे लावणारा ब्लूटूथचा म्युझिक सिस्टिम. गाडी रस्त्यावर आल्यावर पहिल्या दहा वर्षांत होत असलेले बदल चालतात, हा त्यानंतरचा. मालकाने डिकीतून मूळचा कॅसेट प्लेअर काढला, तिथेच पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून बदलला, आणि ‘एच’ मिळवला. हसू येतं, पण त्या माणसाने तीस वर्षं कॅसेट प्लेअर जपून ठेवला, कारण तीस हा आकडा त्याला आवाक्यातला वाटत होता. पन्नास असता तर त्याने तो केव्हाच फेकला असता.

जर्मन लोक जात्याच जपणारे, अशी समजूत मात्र नको. २००९ च्या मंदीत इथल्या सरकारने नऊ वर्षांहून जुनी गाडी भंगारात देऊन नवी घेणाऱ्याला २,५०० युरो दिले. योजनेवर पाच अब्ज युरो गेले आणि जवळपास वीस लाख गाड्या चिरडल्या गेल्या. नव्वदीतल्या पहिल्या पिढीच्या अ‍ॅस्ट्रा, त्याच काळातल्या गोल्फ, सगळ्या नेमक्या त्या वयात सापडल्या. आज त्यातली चांगल्या अवस्थेतली एखादी दिसली की लोक फोटो काढतात. माझा इथला शेजारी यावर म्हणतो की भंगार योजनेनेच क्लासिक तयार केल्या, दुर्मीळ करून. तर्क मजेदार आहे, पण मला पटत नाही. दुर्मीळ व्हायला काहीतरी उरावं लागतं, आणि उरायला तीस वर्षांवरचं ते अक्षर होतं. आपण भारतात फक्त पहिला अर्धा भाग, म्हणजे भंगार योजना, उचललाय.

धुराचा मुद्दा खोटा नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीशेजारी काकांची अ‍ॅस्ट्रा उभी केली तर कुठली स्वच्छ हे सांगायला यंत्र लागणार नाही. पण ती आठवड्याला मांजलपूर ते खंडेराव मार्केट आणि परत एवढंच धावते. रोज शंभर किलोमीटर धावणारा जुना डिझेल टेम्पो आणि ही एकाच फुटपट्टीने मोजायची, यात कसली पर्यावरणाची काळजी!

आता हालोल. बडोदेकरांना सांगायला नको, पण इतरांसाठी: बडोद्यापासून चाळीसएक किलोमीटरवरचं हे गाव म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांचा तीस वर्षांचा आडवा छेद आहे. तेव्हा ओपेलची मालक असलेल्या जनरल मोटर्सने नव्वदीच्या मध्यावर तिथे अ‍ॅस्ट्रा बनवायला घेतली, नंतर कोर्सा आली. २००६ मध्ये ओपेल हे नाव भारतातून गेलं, शेवरोले राहिली. २०१७ मध्ये त्याच जनरल मोटर्सने युरोपातली ओपेल फ्रेंच कंपनीला विकली आणि भारतातली विक्रीही बंद केली. हालोलचा कारखाना एमजीकडे गेला आणि २०१९ मध्ये तिथून हेक्टर बाहेर पडली, अंगावर ‘इंटरनेट इनसाइड’ असं लिहून.

अनाथ ब्रँडची गाडी सांभाळणं म्हणजे काय ते काकांना विचारा. उन्हाने डॅशबोर्डला भेगा पडल्यात. छताच्या कापडामागचा फोम भुगा होऊन कापड खाली लोंबायला लागलं, ते त्यांनी रंगीत डोक्यांच्या टाचण्यांनी वर टोचून ठेवलंय; मागच्या सीटवर बसलेल्याला तारे मोजल्यासारखं वाटतं. पण गाडी चालते. तिच्या इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक डबा बिघडला तेव्हा मेकॅनिकने भंगारातल्या दुसऱ्या अ‍ॅस्ट्रातून काढून आणला, वायरी जुळवल्या, आणि सेल्फ मारला. हे हेक्टरच्या बाबतीत २०४९ मध्ये करून दाखवा. आजच्या गाडीत असा डबा चावीशी, मीटरशी, कंपनीच्या सर्व्हरशी सांकेतिक गाठीने बांधलेला असतो. दुसऱ्या गाडीतून काढलेला तो या गाडीला आपला म्हणत नाही. आतल्या सिमकार्डाचं तर विचारूच नका. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्री-जी बंद झालं तेव्हा कितीतरी चांगल्या कंपन्यांच्या, दहा वर्षंही न झालेल्या गाड्यांमधली नेटवर चालणारी सोय कायमची गेली.

म्हणून चुलतभावाच्या एम-३४०-आयवर माझा पैसा नाही. गाडी सुंदर आहे, पळते तर अप्रतिम. पण पंचवीस वर्षांनी तिचा एक पडदा किंवा एक मॉड्यूल गेलं आणि कंपनीने ते बनवणं सोडलेलं असेल, तर ती गॅरेजमधलं महाग फर्निचर आहे. इलेक्ट्रिकचंही तेच. त्यात मला एकच भावी क्लासिक दिसते आणि ती मागे आहे: २००१ ची रेवा. बंगळुरूची ती चिमुकली गाडी लंडनमध्ये जी-विझ नावाने फिरली, तिची तिथे टिंगलही भरपूर झाली. पण तिच्यात साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या होत्या. तसल्या बॅटऱ्या २०५० मध्येही कुणीतरी बनवत असेल. आजच्या बंद पेटीतल्या, सॉफ्टवेअरने राखलेल्या बॅटरीबद्दल मी तसं म्हणणार नाही.

मग माझी पैज कशावर? जिप्सी तर उघडच आहे, ती आत्ताच क्लासिक आहे. फोक्सवॅगन पोलोची जीटी टीएसआय होईल, कारण २०२२ मध्ये पोलो बंद पडल्यापासूनच तिच्याबद्दल लोक मृत मित्राबद्दल बोलावं तसं बोलतात. साणंदची नॅनो होईल. जगाने जिची चेष्टा केली अशा गाडीला नंतर हमखास चाहते मिळतात, पूर्व जर्मनीच्या ट्राबांटला मिळाले तसे. मारुती ८०० मात्र फारशा उरणार नाहीत, हे काकांचं म्हणणं बरोबर आहे. डिसेंबर १९८३ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते जिची चावी दिली गेली ती पहिली ८०० सुद्धा मालकाच्या दारात गंजत पडली होती, मग कंपनीने ती नवी करून आपल्या मुख्यालयात ठेवली. बाकीच्यांना तेवढं नशीब नाही.

पण पैसे लावायचेच तर मी मारुतीच्या ईको व्हॅनवर लावीन. हसा. गुजरातेत तालुक्याच्या कुठल्याही फाट्यावर उभे राहा, दर दोन मिनिटांनी एक ईको प्रवासी भरताना दिसेल. लग्नं, दवाखाने, भाजी, शाळा, सगळं तिच्यातून होतं. आणि एकही माणूस ती जपत नाही. फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनही अशाच पाव आणि दूध वाहत मेल्या. आज त्या व्हॅनच्या तेवीस खिडक्यांच्या प्रवासी आवृत्तीला लाख युरोच्या वर भाव जातो. पंचमहालातला जो पोरगा आज ईकोच्या मागच्या बाकावर सहा जणांत दबून शाळेत जातोय, तो पंचेचाळिशीला पोचल्यावर तिलाच शोधेल, बीएमडब्ल्यूला नाही. ईकोत बिघडण्यासारखं फारसं काही नाही, हा तिचा दुसरा फायदा.

फक्त तोवर एखादी उरायला हवी. त्यासाठी पंधरा आणि पन्नासच्या मध्ये पंचवीस-तीस वर्षांवर एक पायरी करा, एवढंच मागणं आहे. मूळ रूपातली गाडी, वर्षाला किलोमीटरची मर्यादा, फी वाजवी, दर दोन वर्षांनी कडक तपासणी. काकू विचारतात, म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक डब्याला क्लासिक म्हणून सोडणार का? नाही सोडणार. इथला तपासनीस गंजक्या पट्टीला आणि धूर ओकणाऱ्या इंजिनाला हसत हसत परत पाठवतो. आपल्याकडे यंत्रावर तपासणी करणारी फिटनेस केंद्रं उभी राहतायतच. त्यांना काम द्या. आणि खरं सांगायचं तर या परीक्षेत काकांची अ‍ॅस्ट्रा पहिल्या फेरीत नापास होईल, टाचण्यांमुळेच. ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.