नदीला कायदा नाही, हे साफ खोटं

मृग जवळ आला की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘बंदी फक्त समुद्राला, नदीला कायदा नाही. चढणीचे मासे पाणी ओसरल्यावर मरतातच, मिळतील तसे मारा. धरणावर कोणी अडवलं तर ऐकू नका, पाणी सरकारचं आहे. बापजादेही असेच मारायचे.’ लहानपणापासून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गरी टाकत आलोय. हे वाचून गप्प बसवत नाही.

बंदीचं म्हणाल तर ते खरं. १ जून ते ३१ जुलैची बंदी समुद्रातल्या यांत्रिक नौकांसाठी आहे, १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखालची. गरी घेऊन काठावर बसणाऱ्याला ती लागू नाही. पण पाण्यात सुरुंग फोडून, विष किंवा चुना टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवलंय, म्हणजे समुद्राच्या कायद्याच्या ८४ वर्षं आधी.

‘मरतातच’ हे वाचून तर जीव तुटतो. पहिल्या पुराला मासे धारेविरुद्ध व्हाळातून भातशेतात चढतात ते अंडी घालायला. त्या दिवसांत धरलेल्या मासळीचं पोट जरा दाबलं की बोटांवर गाबोळी, म्हणजे अंडी, येते. पिल्लं पुढे पाण्याबरोबर नदीत उतरतात. व्हाळाच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत जाळं ताणलं, तर वर चढणार कोण? आमच्याकडचे जाणते निम्मी वाट मोकळी सोडायचे.

एका उन्हाळ्यात आमच्या नदीतल्या कोंडीत, म्हणजे खोल डोहात, कुणी तरी रात्री ब्लिचिंग पावडर टाकली. सकाळी पाहिलं तर बोटाएवढी पिल्लं, झिंगे, खेकडे सगळे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. टाकणाऱ्याने मोठे तेवढे उचलून नेले, बाकीचं तिथेच कुजलं. कोंडीच्या जरा खालीच नळपाणी योजनेची विहीर आहे. तेच पाणी आम्ही पितो.

धरणाचं पाणी सरकारचं असलं तरी तिथल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग सहकारी संस्थांना देतो. संस्था पैसे भरते, कटला-रोहूचं बीज सोडते. गरी टाकायची तर आधी त्यांना विचारा.

राहिले बापजादे. मासे गुंगवायला गेळफळ ठेचून पाण्यात टाकायची रीत होती, मान्य. पण महाडजवळची वाळण कोंडही जुन्या माणसांनीच वरदायिनी देवीच्या नावाने राखली. तिथल्या महसीर माशांना आजही कोणी गरी लावत नाही. देवीला आलेले लोक काठावर बसून त्यांना खाऊ घालतात.