अमेठीत पडूनही मंत्री? आधी अथणी आठवा

'मालिकेतली सून थेट मंत्री. निवडणुकीत पडली तरी खुर्चीत, म्हणजे घटनेला हरताळ. पदवी खोटी. मंत्री असताना मालिकेचाही पैसा. मग मत द्यायचं कशाला?' स्मृती इराणींच्या फोटोसह हा मजकूर बेळगावात गल्लोगल्लीच्या ग्रुपवर फिरतोय. तो वाचून शहापूरच्या आमच्या मावशी 'पुढच्या वेळी रांगेत उभी राहत नाही' म्हणू लागल्या, म्हणून हे लिहिणं आलं.

थेट कसलं? 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका 2000 ची. बाई 2003 ला भाजपात आल्या, 2004 ला चांदणी चौकात कपिल सिब्बल यांच्याकडून पडल्या, 2011 ला गुजरातमधून राज्यसभेत गेल्या. मंत्रिपद 2014 चं. पैशाचं म्हणाल तर ती मालिका 2008 लाच संपली. तिचा नवा भाग 2025 चा, आणि मंत्रिपद गेलं जून 2024 ला.

आता 'घटनेला हरताळ'. हे निदान आपल्या बेळगाव जिल्ह्यात तरी कुणी पुढे पाठवू नये. अथणीचे लक्ष्मण सवदी 2018 ला विधानसभेला पडले. 20 ऑगस्ट 2019 ला कर्नाटकात मंत्री झाले, आठवड्याभरात उपमुख्यमंत्री. तेव्हा ते विधानसभेतही नव्हते आणि विधान परिषदेतही नव्हते! तरी ते कायदेशीरच होतं. राज्यांसाठीचं घटनेचं कलम 164(4) सांगतं की सदस्य नसलेला मंत्री सलग सहा महिनेच राहू शकतो. सवदी 17 फेब्रुवारी 2020 ला परिषदेवर निवडून आले, मुदत जेमतेम तीन दिवस उरलेली. राजीनामा देऊन पुन्हा शपथ घ्यायची पळवाटही नाही. पंजाबमधल्या अशाच एका मंत्र्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती 2001 मध्येच बंद केली.

केंद्राला हाच नियम कलम 75(5) ने लागू. इराणींना त्या सवलतीची गरजच पडली नाही. 2014 ला अमेठीत त्या 1,07,903 मतांनी पडल्या, पण राज्यसभेची खासदारकी शाबूत होती. लोकसभेला पडलं म्हणून ती जात नाही. आणि मताला किंमत नाही म्हणणाऱ्यांनी पुढचे आकडेही बघावेत: 2019 ला त्याच अमेठीत 55,120 ने विजय, 2024 ला 1,67,196 ने पराभव. त्यानंतरच्या मंत्रिमंडळात त्या नाहीत.

पदवीबाबत शंकेला जागा आहे, एवढं मान्य करावं लागतं. 2004 च्या प्रतिज्ञापत्रात बी.ए., 2014 च्या प्रतिज्ञापत्रात बी.कॉम. भाग एक. मेळ बसत नाही. पण खासदार व्हायला पदवी लागतच नाही. कलम 84 मध्ये नागरिकत्व आणि वय आहे, लोकसभेला 25, राज्यसभेला 30. कुणाचंही शिक्षण तपासायचं तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रतिज्ञापत्रांच्या विभागात जा, निवडणूक, राज्य, मतदारसंघ निवडा आणि उमेदवाराचा नमुना 26, म्हणजे प्रतिज्ञापत्राचा अर्ज, उघडा. एका मतदारसंघात एकाच उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, त्यामुळे एकाच नावाच्या अनेक प्रती दिसतील. वर्ष जुळवल्याशिवाय स्क्रीनशॉट काढू नका.