अनुभव : मध्यम

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाचा घोड्याशी संबंध किती, तर पूर्वी इथल्या बंदरात घोड्यांचा व्यापार चालायचा म्हणून हे नाव पडलं असं म्हणतात एवढाच, आणि हल्ली संध्याकाळी कापूरबावडीला अडकलं की वाटतं एखादा घोडा असता तर पातलीपाड्याला जेवायला तरी वेळेत पोचलो असतो. तरी मी रायडिंगच्या क्लासला गेलो. मुलीला शिकायचं होतं आणि सोबत दुसरा माणूस असेल तर त्याची फी अर्धी होती, बस्स.

फॉर्ममध्ये नाव, वजन, अनुभव. अनुभवाखाली तीन चौकोन : अजिबात नाही, मध्यम, चांगला. मुलगी शेजारून वाकून बघतेय, अशा वेळी बाप 'अजिबात नाही' वर टिक कसा करणार? मी मनात हिशोब मांडला. लहानपणी एकदा जत्रेत. माथेरान तीनदा, तेही दस्तुरी नाक्यापासून पार बाजारापर्यंत, कारण तिथे पुढे गाड्यांना बंदीच आहे. शिवाय स्वतःच्या लग्नात वरात. पाच वेळा झाले की राव! मध्यम तर आरामात. वजन ७८ लिहिलं. ते २०१४ सालचं आहे पण फॉर्ममध्ये साल कुठे विचारलं होतं.

शिकवणारी पंचविशीतली मुलगी होती. फॉर्म वाचून म्हणाली, "मध्यम ना काका? मग सोनू देते तुम्हाला." आता तिथेच कोपऱ्यात एका घोड्याच्या पाटीवर 'तुफान' लिहिलेलं आणि मला सोनू? मी म्हटलं, "जरा दमदार दिला तरी चालेल हं." ती नुसती हसली.

सोनू बाहेर आला तेव्हा आधी त्याची छातीच आली, बाकीचा सोनू बऱ्याच वेळाने. साडेपंधरा हात. घोड्याची उंची हातात मोजतात, एक हात म्हणजे ४ इंच, आणि तीही फक्त खांद्यापर्यंत, मान-डोकं हिशोबात धरतच नाहीत, म्हणजे ५ फूट २ इंचाला अजून घोडा संपलेलाच नसतो. मी रुबाबात उजवीकडून चढायला गेलो. चढतात डावीकडून. सोनूने एक कान मागे वळवून माझ्याकडे लावला, आणि माझं खात्रीने सांगणं आहे की माझा फॉर्म त्याने त्याच क्षणी वाचला.

पुढचं फार लांबलं नाही. सोनू उड्या मारायला शिकवलेला घोडा, पोटाला टाच नुसती लागली तरी त्याला निघायचा हुकूम वाटतो. आणि मी पडायच्या भीतीने दोन्ही टाचा गच्च आवळलेल्या, वर लगाम छातीपर्यंत ओढलेला, म्हणजे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदमच. बिचाऱ्याने दोनदा मान झटकून नक्की काय ते ठरवा असं सांगून बघितलं, मग स्वतःच ठरवलं आणि दुडक्या चालीने सुटला. मी त्याच्या मानेला मिठी मारून, रिकिबीतून एक पाय बाहेर, तोंडाने "सोनू बाळा, सोनू बाळा". फाटकाशी तो आपणहून थांबला.

"काका, खरं सांगा, आधी कधी लगाम तुमच्या हातात होता का?"

विचार केला. माथेरानला लगाम घोडेवाल्याच्या हातात. वरातीत घोडीवाल्याच्या. जत्रेत मामाच्या. म्हणजे इतकी वर्षं मी घोडेस्वार नव्हतोच, मी सामान होतो.

मग कळलं की नवख्याला तुफानच देतात. वय २२, तीनदा सांगितल्याशिवाय पाऊल उचलत नाही, चुकून टाच लागली तर चुकूनच लागली असं समजून सोडून देतो. (असा एक साहेब मला नोकरीत मिळाला असता तर!) मुरलेल्या माणसाला त्याच्यावर झोप येईल पण शिकणाऱ्याला चुका करायला वेळ मिळतो. मी तुफानकडे निघालो तर तिने हळूच विचारलं, "आणि वजन?" आत वजनकाटा होता. ८६. खोगीर धरून ९४. साधारण घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांवर ओझं नको म्हणतात, तुफान ४०० किलोचा, म्हणजे ८०, आणि या वयात त्याला तेवढंही जास्तच. सोनू ५०० चा, त्याला १०० चालतं. थोडक्यात वजनाने मी सोनूचा आणि अकलेने तुफानचा.

शेवटी मुलगी तुफानवर बसून एकटी, पाठ ताठ, मैदानाला फेरी मारायला लागली, आणि मी परत सोनूवर, फक्त या वेळी त्याला दोरी बांधून एक मोतद्दार पुढे चालतोय आणि मला सांगितलेलं की काका तुम्ही कशालाही हात लावू नका. बायकोने त्याचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत मेव्हण्याने त्याला वरातीचा बँड जोडून परत पाठवला.