‘भाबडी माणसं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

डेट्रॉइटच्या मिशिगन सेंट्रल स्टेशनवरच्या माझ्या लेखाखाली ‘रेल्वेप्रेमी’ या नावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो. नाहीतर सोयीचं तेवढं उचललं म्हणाल.

“स्टेशन ४ जानेवारी १९१४ ला सुरू झालं हे चूक. गाड्या २६ डिसेंबर १९१३ लाच सुटू लागल्या होत्या. पण खरा आक्षेप वेगळा आहे. ज्या मोटारीने डेट्रॉइटची पॅसेंजर गाडी संपवली, त्याच मोटारीच्या कंपनीने स्टेशन विकत घेऊन चकचकीत केलं आणि तुमच्यासारखी भाबडी माणसं टाळ्या वाजवताहेत. तिथे गाडी येत नाही. आणि तुम्ही स्वतः गेल्या दहा वर्षांत रेल्वेने किती वेळा गेलात?”

नमस्कार, रेल्वेप्रेमी.

आधी तारीख. तुमचं बरोबर, माझं चूक. ४ जानेवारी हा रीतसर उद्घाटनाचा दिवस. त्याच्या नऊ दिवस आधी जुन्या स्टेशनाला आग लागली आणि नवीन इमारत पुरती तयार नसताना त्याच दिवशी गाड्या तिकडे वळवाव्या लागल्या. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे इथले जुने वाचक सांगतील.

आता ‘भाबडी’. किती सहज लिहून गेलात हो! ‘लेखात एक बाजू राहिली’ असं लिहिता आलं असतं. ‘मला पटलं नाही’ एवढंही चाललं असतं. पण नाही, थेट भाबडी, आणि तेही अनेकवचनात. म्हणजे ६ जून २०२४ ला स्टेशन पुन्हा उघडल्यावर माझ्यासोबत रांगेत उभे राहिलेले सगळे डेट्रॉइटकर एका फटक्यात खुळे ठरले. त्यात माझ्या पुढे एक आजीबाई होत्या, काठी टेकत आलेल्या. आत शिरल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, नुसता हात लावून भिंत बघत राहिल्या. त्यांना जाऊन सांगा भाबड्या म्हणून.

मी डेट्रॉइटला आलो १९८५ साली. एमएस करत होतो, मोटार नव्हती, लायसन्सही नव्हतं. पुढच्या वर्षी डिसेंबरात बायको मुंबईहून शिकागोला उतरणार होती. तिला आणायला मी याच स्टेशनातून गाडीने गेलो. परतताना ट्वायलाइट लिमिटेड पकडली, पोहोचेपर्यंत रात्र झाली होती. तिच्या अंगावर स्वेटर, त्यावर माझा कोट, डोक्याला शाल. मी बॅगा ओढत टॅक्सीच्या दिशेने निघालो आणि मागे पाहतो तर ही हॉलच्या मधोमध उभी, मान वर करून छत बघतेय. म्हणाली, “अहो, हे तर बोरीबंदर! पण माणसं कुठायत?”

जानेवारी १९८८ मध्ये शेवटची गाडी गेली आणि तिच्या प्रश्नाचा प्रश्नच मिटला.

त्यानंतर तीस वर्षं ती इमारत मी रोज कामावर जाता-येता पाहिली. खिडक्यांना काच नाही, आरपार आभाळ दिसायचं. भारतातून पाहुणे आले की नायगारा आणि हे भग्न स्टेशन, अशी आमची ठरलेली वारी. न्यू यॉर्कचं ग्रँड सेंट्रल ज्यांनी उभारलं त्याच वास्तुतज्ज्ञांचं हे काम, हे मी प्रत्येकाला सांगायचो आणि प्रत्येक जण ‘हो का’ म्हणून फोटो काढायचा. २००९ मध्ये नगर परिषदेने ते पाडून टाकायचा ठराव केला, तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. भाबड्या माणसाला रेल्वेच्या इमारतीसाठी झोप येत नाही का, हे तुम्हीच ठरवा.

२०१८ मध्ये फोर्डने ते घेतलं. मोटार कंपनीने का घ्यावं, हे विचारणं सोपं आहे. मग कोणी घ्यायचं होतं? एवढी वर्षं कोणी अडवलं नव्हतं. एकही रेल्वेप्रेमी चेकबुक घेऊन आलेला मी तरी पाहिला नाही. प्रतीक्षागृहाच्या छतावरच्या सुमारे २९,००० फरशा एकेक करून तपासल्या गेल्या, आणि बदलाव्या लागल्या त्या फार थोड्या. फोर्डने घेतल्याची बातमी आल्यावर इथून चोरीला गेलेलं एक घड्याळ परत आलं. कोणीतरी निनावी फोन करून ते कुठे टेकवून ठेवलंय ते सांगितलं. इतकी वर्षं ज्याने ते जपून ठेवलं, तो चोरसुद्धा तुमच्या हिशेबात भाबडाच असणार.

मी स्वतः मोटारीच्या धंद्यात चौतीस वर्षं काढली, हे तुम्ही एव्हाना शोधून काढलं असेलच. गिअरचं काम करायचो. रेल्वेच्या मुळावर उठलो नव्हतो.

बाकी मुद्दे. गाडी तिथे येत नाही, मान्य. १९९४ पासून ती वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरच्या छोट्या स्टेशनात थांबते, शिकागोला दिवसाला तीन. शिवाय मिशिगन सेंट्रल गावाच्या मध्यवस्तीपासून लांब, ट्रामच्या भरवशावर बांधलेलं, मोटारी लावायला धड जागा नाही. ट्राम १९५६ मध्ये बंद पडली. मग हायवे आले, विमानं आली. हे सगळं मला ठाऊक आहे, त्यावर वेगळा लेख होईल, इथे चघळत बसत नाही. आणि नदीखालच्या १९१० च्या बोगद्यातून मालगाड्या आजही कॅनडात जातात, म्हणजे रेल्वे अगदीच मेलेली नाही. पण तुम्हाला ते ऐकायचंच नसेल.

राहिला शेवटचा प्रश्न, रेल्वेने किती वेळा गेलो. लेखाशी त्याचा संबंध नाही, म्हणून उत्तर देणार नव्हतो. पण बायकोने प्रतिक्रिया वाचली आणि म्हणाली, “द्या ना मग उत्तर, घाबरता कशाला?”

एकदा. नातवाला गाडी दाखवायची होती म्हणून, डिअरबॉर्नपासून अ‍ॅन आर्बरपर्यंत. तिथे सून मोटार घेऊन उभी होती.