पाणी थांबत नसतंय, भावा!

"कोलाडला कयाकिंग! शुक्रवारी रात्री दहाला कावळा नाका." ग्रुपवर अंगठे चौदा, नाक्यावर माणसं तीन! गाडीच्या टपावर कयाक (वल्हवायची छोटी होडी) बांधून माझ्या तळहाताला दोरीचे वळ, आणि बाकीचे जेवण करून 'निघालोच'! साडेअकराला एकजण उगवला, तर हेल्मेट घरी. चला परत राजारामपुरीत!

भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटतं, तेव्हाच कोलाडच्या कुंडलिका नदीला लाटा. ते काय आमच्यासाठी अडवून ठेवणाराय? पण साताऱ्यात चहा पाहिजे, पुढं मिसळ पाहिजे. (कोल्हापूर सोडून मिसळ! लाज?) कोलाडला पोचलो तर धोंडे उघडे. वल्हवायचं काय, वाळू?

वर आम्हालाच, "लगा, पाणीच न्हाई की रे!"